कोण लागते

रजिस्टरात रकाना होता: सोबतच्या व्यक्तीचे नाते.
सिस्टरने पेन टेकवून विचारलं,
आजी, तुम्ही हिच्या कोण?
पंचफुलाबाई म्हणाली, लिहा काही बी,
आधी पोरीले कुशीवर होऊ द्या.

बाळंतपणाला हात लावायची तिला आता मनाई आहे.
गावातली अडीचशे माणसं
तिच्या ओंजळीतून आलेली,
त्यात सरपंच, त्यात माझा नवरा.
पण ती स्वतःच सांगते,
दोघीजणी माह्या हातावर गेल्या,
गाडी असती तं वाचल्या असत्या.
म्हणून आता नुसतं असायचं.

सातव्या महिन्यापासून ती नुसती असायची.
बाजाराच्या दिवशी यायची,
ओट्यावर बसून माझी अंबाडी निवडायची,
पायावर बोट दाबून बघायची
खड्डा किती वेळ राहतो.
एका मंगळवारी खड्डा भरेना,
त्या दिवशी आशाताईंना फोन लावायला लावला
आणि सासूबाईंशी बोलली, दार लोटून.
नवऱ्याला म्हणाली,
म्या तुले उलटा असताना सरळ केला,
आता रातच्याले हिची पाठ चोळत जाय.
आई नाही मला.
हे तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही.

चैत्रातली रात्र. गाडीच्या खिडकीतून मोहाचा वास.
दवाखान्यात लाईट गेलेली,
इन्व्हर्टरवर एक ट्यूब, एक सिस्टर, दोघी अडलेल्या.
कळ आली की मी पलंगाचा दांडा धरायची.
तिनं बोटं सोडवली आणि मनगट दिलं.
माहेर कोणतं वं तुहं?
माहीत होतं तिला. तरी सांगितलं, खैरगाव.
चाल मंग, येष्टीत बस.

हा बोरी फाटा. उतरू नको, आपला नाही.
हा नाल्याचा पूल, गाडी हळू होते, तू बी हळू.
आता म्हशी आडव्या आल्या.
सोड श्वास, जाऊ दे त्याहिले,
म्हशीले कोठी घाई असते?
कंडक्टरसुद्धा आला मधेच,
अर्धं तिकीट कोणाचं, विचारत.
मी हसले, आणि हसण्यातच पुढची कळ.

मग घाट लागला.
मी म्हटलं उतरवा मला, नाही जायचं कुठंच,
शिवी दिली तिला, तिच्या आईवरून.
हो, म्हणाली, घाटात सगळ्याच देतात.
पहिल्या गेरात चालते गाडी, पण चालते.
तोंडाला तंबाखूचा वास नव्हता तिच्या,
अशा रात्री ती खात नाही.
नुसता श्वास, माझ्यापुढे एक पाऊल.

आमराई दिसते का?
दिसली. खरंच दिसली.
फांदीला आईनं बांधलेलं
पाखरांच्या पाण्याचं गाडगं, हलत होतं.
सिस्टर ओरडली, डोकं आलं,
आणि पंचफुलाबाईचे हात एकदम खाली झेपावले
ओंजळ होऊन,
आणि मधेच थांबले.
परत आले. एक माझ्या कपाळावर,
दुसरा कुठं ठेवावा हे त्याला क्षणभर कळलं नाही.

मुलगी. दोन किलो सातशे.

उजाडताना पाहिलं,
व्हरांड्यातल्या नळाखाली ती हात धूत होती,
कोपरापर्यंत, नखं घासून घासून.
काही लागलेलं नव्हतं त्यांना.
मनगटावर फक्त माझ्या नखांच्या चार कोयऱ्या.

सिस्टर रजिस्टर घेऊन आली. रकाना कोराच.
आता तरी सांगा, म्हणाली, नाव झालं, नातं काय लिहू?
पंचफुलाबाईनं नळ बंद केला,
पदराला हात पुसले,
आणि मला विचारलं,
टोपरं कोठी ठेवलं वं लेकराचं?
वारा सुटला सकायचा.